डॉक्टर जॉन स्नो आणि ब्रॉड स्ट्रीटची विहीर

पटकीचा रोग आपल्या देशास नवा नाही. गावोगावच्या शिवेवर मरीआईची जी ठाणी आजही दिसतात, ती याच रोगाच्या भयाची खूण होत. सकाळी शेतावर गेलेला धडधाकट मनुष्य दोन प्रहरी वांती व जुलाब होऊन आडवा पडे आणि दिवस मावळण्यापूर्वी त्याची माती करण्याची वेळ येई. मग गावकरी वर्गणी करून देवीचा गाडा सजवीत, बकरे अथवा रेडा बळी देत आणि तो गाडा शिवेपलीकडे नेऊन सोडीत. शेजारच्या गावचे लोक तो पुढच्या शिवेवर ढकलीत. आमच्या मंडळ्यांतील पुष्कळ कुटुंबांच्या वाडवडिलांनी तो गाडा ओढलेला आहे, आणि रोग मात्र गाड्याबरोबर माणसांच्या हातापायांवरून व पाण्यातून गावोगाव जात राहिला. हा रोग कोणा देवीच्या कोपाने येत नाही, दुर्गंधीच्या वाऱ्यानेही येत नाही, तर मैला मिसळलेल्या पाण्यातून माणसाच्या पोटात जातो, हे ज्यांनी घरोघर फिरून व मृतांची मोजदाद करून दाखविले, त्या डॉक्टर जॉन स्नो यांचे चरित्र आम्ही आज वाचकांपुढे ठेवीत आहोत.

स्नो यांचा जन्म १८१३ सालच्या मार्च महिन्याच्या १५व्या तारखेस इंग्लंडातील यॉर्क शहरी झाला. नऊ भावंडांत ते वडील. बाप मजुरी करणारा, कोळशाच्या वखारीत राबणारा. घर औझ नदीच्या काठच्या सखल व गरीब वस्तीत होते व नदीस पूर आला म्हणजे त्या वस्तीत पाणी शिरे. ज्या मनुष्याने पुढे राणीच्या महालात पाऊल टाकिले तो मजुराचा मुलगा होता, हे आमच्या तरुण वाचकांनी ध्यानात ठेवावे. आईबापांनी पोटास चिमटा घेऊन मुलास शाळेत घातले. चौदाव्या वर्षी त्यास न्यूकॅसल येथील हार्डकॅसल नावाच्या शस्त्रवैद्याकडे उमेदवारीस ठेविले. तेथे असताना, वयाच्या सतराव्या वर्षी, त्यांनी मांसाहार सोडिला, आणि पुढे दारू न पिण्याची शपथ घेऊन मद्यपाननिषेधाच्या चळवळीत भाग घेतला. आयुष्याचा बहुतेक काळ ते या नियमाने राहिले. पिण्याचे पाणी शुद्ध असावे याविषयी त्यांचा कटाक्ष त्या वयापासूनच होता.

१८३१ साली पटकी पहिल्यानेच इंग्लंडात आली. १८१७ साली बंगाल्यातून जो मोठा उद्रेक निघाला त्याच्या मागून आलेल्या लाटा व्यापाराच्या व फौजांच्या वाटेने पश्चिमेकडे पसरत गेल्या, आणि शेवटी संडरलंड बंदरात हा रोग उतरला. न्यूकॅसलजवळ किलिंगवर्थ म्हणून कोळशाच्या खाणीचे गाव आहे. तेथे माणसे पटापट मरू लागली तेव्हा गुरूंनी अवघ्या अठरा वर्षांच्या स्नोला एकट्यास तिकडे पाठविले. मुलाने जिवाकडे न पाहता खाणीतल्या लोकांची शुश्रूषा केली, परंतु त्या काळच्या वैद्यांपाशी औषध ते काय होते! रक्त काढणे, अफू देणे, मोहरीचा लेप लावणे, एवढेच. तेथे एक गोष्ट त्यांच्या मनात घर करून बसली. खाणकामगार सकाळी शिदोरी घेऊन जमिनीच्या पोटात उतरत, आठनऊ तास तेथेच काम करीत. खाली शौचकूप नव्हते, हात धुण्यास पाणी नव्हते, दिवा अंधूक. त्याच हातांनी ते भाकरी खात. एकास रोग झाला म्हणजे तो बाकीच्यांच्या हातास लागून तोंडावाटे पोटात जात असला पाहिजे, हा विचार त्या मुलास तेव्हाच पुरता सुचला असेल असे आम्ही म्हणत नाही. पण पुढे वीस वर्षांनी ग्रंथ लिहिताना त्यांनी खाणकामगारांच्या या स्थितीचा दाखला दिला.

१८३६ साली स्नो विद्येसाठी लंडनास गेले, १८३८ साली शस्त्रवैद्याची परीक्षा उतरले व सोहो नामक दाट वस्तीच्या भागात दवाखाना घालून बसले. १८४४ साली लंडन विश्वविद्यालयाची एम. डी. ही पदवी त्यांस मिळाली. आवाज घोगरा, बोलणे थोडे, लग्न केलेले नाही, रात्री उशिरापर्यंत दिव्याजवळ वाचीत अथवा प्राण्यांवर प्रयोग करीत बसलेले, असा हा मनुष्य होता. १८४६ साली अमेरिकेतून ईथर हुंगवून भूल देण्याची युक्ती आली आणि पुढच्या वर्षी एडिंबरोच्या सिंप्सनसाहेबांनी क्लोरोफॉर्म पुढे आणिले. पुष्कळ डॉक्टर रुमालावर अंदाजाने थेंब ओतीत, व त्यात कित्येक रोगी दगावले. स्नो यांनी अंदाज सोडून मोजमाप हाती धरिले. हवा किती उष्ण असता तिच्यात किती वाफ मावते, किती वाफेने माणूस निजतो व किती वाफेने मरतो, हे त्यांनी शोधून काढिले आणि त्यासाठी स्वतः यंत्र घडविले. यामुळे लंडनातील थोर थोर शस्त्रवैद्य त्यांस बोलावू लागले. १८५३ सालच्या एप्रिलात राणी व्हिक्टोरिया यांच्या बाळंतपणात त्यांनी क्लोरोफॉर्म दिले व राजपुत्र लिओपोल्ड यांचा जन्म झाला. १८५७ साली राजकन्या बीट्रिस यांच्या जन्माच्या वेळी पुन्हा त्यांसच बोलावणे झाले. बाईमाणसाने प्रसूतीच्या वेणा सोसल्याच पाहिजेत, उत्पत्तीच्या पुस्तकात तसे लिहिले आहे, असे म्हणणारे लोक तेव्हा होते. राणीने क्लोरोफॉर्म घेतल्यावर त्यांचा आवाज खाली आला. शास्त्रवचनाचा असा उपयोग करून दुःख कमी करण्यास अडथळा करणारे लोक आपल्यातही अधूनमधून आढळतात, म्हणून हे लिहिले.

आता मुख्य विषयाकडे वळू.

१८४८ साली पटकी लंडनात दुसऱ्यांदा शिरली. त्या काळी बहुतेक सर्व विद्वानांचे मत असे होते की सडलेल्या पदार्थांपासून, गटारांपासून व गलिच्छ वस्त्यांपासून एक प्रकारचा विषारी वायू उठतो, तो श्वासाने शरीरात जातो व त्यापासून पटकी होते. मोठमोठे अधिकारी, आरोग्यखात्याचे मुख्य, एडविन चॅडविक यांच्यासारखे कळकळीचे सुधारक, सर्व याच मताचे. त्यातच आणखी एक कल्पना मिसळलेली होती, ती ही की हा रोग दारुडे, आळशी व घाणेरडे अशा लोकांस विशेषेकरून होतो, म्हणजे गरिबाच्या मरणाचा दोष गरिबावरच. स्नो यांनी साधा प्रश्न केला. रोग जर श्वासाने आत जातो तर पहिला बिघाड फुप्फुसात किंवा रक्तात दिसावा. पटकीत तो आतड्यांत दिसतो. ताप येण्याच्या अगोदर, अशक्तता येण्याच्या अगोदर, पोट बिघडते. तर मग विष पोटात गिळले गेले असले पाहिजे, आणि रोग्याच्या जुलाबातून बाहेर पडून ते पाण्यावाटे दुसऱ्याच्या तोंडी जात असले पाहिजे. शिवाय ते विष पोटात गेल्यावर वाढते, म्हणजे ते सजीवासारखे आहे. हे सर्व त्यांनी १८४९ साली एका लहान पुस्तकात छापिले. त्या वेळी पटकीचा जंतू कोणी ओळखिलेला नव्हता. पुस्तकाकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. पुरावा पुरेसा नाही असे परीक्षणकर्त्यांनी म्हटले, आणि खरे पाहता तेव्हा तो पुरेसा नव्हताही.

पुरावा गोळा करण्याचा प्रसंग पाच वर्षांनी आला. १८५४ सालच्या ऑगस्टची ३१वी तारीख, गुरुवारची रात्र. सोहोतील ब्रॉड स्ट्रीट व तिच्या आसपासच्या गल्ल्यांत एकाएकी घरोघर वांती व जुलाब सुरू झाले. तीन दिवसांत त्या लहानशा टापूत १२७ माणसे मेली. दहा दिवसांत मृतांचा आकडा पाचशेपर्यंत गेला, आणि सगळे मिळून ६१६ जण मेले. प्रेते नेण्यास गाड्या पुरेनात. एकाच खोलीत आई, बाप, मुले मरून पडलेली. ज्यांस जाता आले ते घरे टाकून पळाले, आणि चार रहिवाशांपैकी तीन निघून गेले.

स्नो यांचे घर तेथून चालत जाण्याइतके जवळ होते. लोक बाहेर पळत असता ते आत शिरले. ब्रॉड स्ट्रीटच्या कडेस एक सार्वजनिक विहीर होती. विहिरीवर हातपंप बसविलेला, दांडा हलविला की पाणी येई. तिचे पाणी गार, चवीस गोड म्हणून लांबलांबचे लोक जवळची विहीर सोडून तेथे येत. स्नो यांनी पाण्याचा नमुना पाहिला तो स्वच्छ. काचेत धरले असता दोष काही दिसेना. दुसरा कोणी असता तर तेथेच थांबता. त्यांनी जन्ममृत्यूच्या नोंदींच्या कचेरीतून त्या तीन दिवसांत मेलेल्या ८३ जणांची यादी मागून घेतली आणि प्रत्येकाच्या दारी जाऊन विचारपूस आरंभिली. यांपैकी ७३ जण ब्रॉड स्ट्रीटच्या विहिरीच्याच अंगणात म्हणावे इतके जवळ राहणारे होते. त्यातले ६१ जण तिचे पाणी पीत असत असे घरच्या माणसांनी सांगितले. उरलेल्या दहांस दुसरी विहीर जवळ होती, परंतु पाच घरे मुद्दाम ब्रॉड स्ट्रीटहून पाणी आणवीत, आणि तीन मुले त्या विहिरीवरून शाळेस जाणारी होती.

मेलेल्यांचा माग काढणे एक, आणि जे मेले नाहीत त्यांचा माग काढणे दुसरे. यातच स्नो यांची बुद्धी दिसते. त्याच टापूत गरिबांचे एक मोठे कामगृह होते. त्यात ५३५ दरिद्री लोक दाटीने राहत. आसपासच्या घरांच्या हिशेबाने त्यात शंभरांहून अधिक मरावयाचे, मेले फक्त पाच. कामगृहास स्वतःची विहीर होती. ब्रॉड स्ट्रीटवरच बीअर गाळण्याचा कारखाना होता, सत्तरांवर गडी, त्यांतला एकही मेला नाही. कारण असे की कारखान्यात त्यांस प्यावयास माल्टची दारू मिळे व कारखान्याची विहीर वेगळी होती. (आमच्या मद्यपाननिषेधक बंधूंस हे वाक्य वाचून वाईट वाटेल, स्वतः स्नो यांसही वाटले असेल, पण त्यांनी ते गाळले नाही.) उलट त्याच रस्त्यावर बंदुकीच्या टोप्या करण्याचा एक कारखाना होता. तेथे कामगारांसाठी त्या विहिरीचे पाणी पिंपांत भरून ठेवीत. दोनशेंपैकी अठरा मेले. त्या कारखानदारांची आई विधवा होऊन कित्येक मैल लांब हॅम्पस्टेड येथे मोकळ्या हवेत राहत होती. तिला ब्रॉड स्ट्रीटच्या पाण्याची चव इतकी आवडे की रोज गाडीबरोबर एक बाटली तिजकडे जाई. ३१ तारखेस पाणी गेले. बाईने ते प्याले आणि ती मेली. तिच्या भेटीस आलेली पुतणी ते पाणी पिऊन आपल्या गावी परतली व तीही मेली. त्या दोन्ही ठिकाणी दुसऱ्या कोणास पटकी नव्हती. हवेने रोग गेला असता तर वाटेतली हजारो घरे सोडून एका बाटलीपाठोपाठ कसा गेला असता!

सप्टेंबरच्या ७ तारखेस सायंकाळी तेथील पॅरिशच्या पंचांची सभा भरली होती. स्नो यांनी आत निरोप पाठविला व उभे राहून आपले म्हणणे मांडिले. पंचांस ते पटले असे नाही, पण माणसे मरत होती आणि दुसरा उपाय कोणास सुचत नव्हता. दुसऱ्या दिवशी पंपाचा दांडा काढून टाकण्यात आला. पुष्कळ पुस्तकांत असे लिहिलेले आढळते की दांडा निघताच साथ थांबली. खरी गोष्ट तशी नाही. लोक पळून गेल्यामुळे साथ अगोदरच उतरू लागली होती, आणि स्नो यांनी स्वतः हे आपल्या ग्रंथात नमूद केले आहे. आपल्या कीर्तीस उणेपणा आणणारी गोष्ट स्वतःच लिहून ठेवणारा मनुष्य आम्हांस तरी दांडा काढणाऱ्यापेक्षा मोठा वाटतो.

येथे या कथेत दुसरा एक मनुष्य येतो, आणि आमच्या पाळकांनी व उपदेशकांनी त्याजकडे विशेष लक्ष द्यावे. रेव्हरंड हेन्री व्हाइटहेड हे तिशीच्या आतले सहायक पाळक. बर्विक स्ट्रीटच्या सेंट ल्यूक मंडळीचे काम त्यांजकडे होते. साथ चालू असता ते रात्रंदिवस घरोघर जात, मरणाऱ्यांजवळ प्रार्थना करीत, अनाथ मुलांची सोय लावीत. कोणत्या घरात किती माणसे, कोण कोणत्या मजल्यावर, कोणाचे कोण मेले, हे सर्व त्यांस तोंडपाठ होते. त्यांनी एक गोष्ट पाहिली होती. स्वच्छ घरातली माणसे मेली आणि शेजारच्या गलिच्छ घरातली वाचली, असे कित्येकदा घडले. तेव्हा गरिबांच्या घाणीस व दुराचारास दोष देणारे उपदेश खोटे आहेत हे त्यांस कळून चुकले होते. पण विहिरीची गोष्ट मात्र त्यांस पटेना. ज्यांनी आजारात तेच पाणी घटाघट पिऊन जीव वाचविला अशी माणसे त्यांच्या ओळखीची होती. त्यांनी ठरविले की आपण या डॉक्टरचे म्हणणे चुकीचे आहे हे सिद्ध करू.

चौकशीसाठी पॅरिशने एक समिती नेमिली, तीत दोघेही होते. व्हाइटहेड पुन्हा दारोदार फिरले. कित्येक घरी चारचार, पाचपाच वेळा गेले, गाव सोडून गेलेल्यांचा पत्ता लावून त्यांसही विचारिले. ज्यांनी पाणी प्याले व जे जगले, ज्यांनी प्याले नाही व तरी मेले, अशा सर्वांची नोंद केली. हिशेब जसजसा वाढला तसतसा तो त्यांच्याच विरुद्ध जाऊ लागला. ब्रॉड स्ट्रीटवर ज्यांनी ते पाणी प्याले अशा १३७ जणांचा त्यांस पत्ता लागला, त्यांपैकी ८० जणांस पटकी झाली. ज्यांनी प्याले नाही अशा २९७ जणांपैकी केवळ २० जणांस. एका आजीने मला आठवत नाही म्हटले असता ते परत जात आणि घरातल्या लहान नातीस विचारीत, की पाणी आणावयास कोण गेले होते. पोरे सहसा विसरत नाहीत. अशा रीतीने जो मनुष्य खंडन करण्यास निघाला होता त्याच्याच हातून मंडन झाले.

त्यांनी आणखीही एक शोध लाविला. नोंदवही चाळताना त्यांच्या नजरेस पडले की ४० नंबरच्या घरात, विहिरीच्या अगदी समोर, पाच महिन्यांची एक मुलगी सप्टेंबरच्या २ तारखेस मेली, आणि तिला जुलाब त्याच्या चार दिवस अगोदर सुरू झाले होते, म्हणजे साथीच्याही आधी. व्हाइटहेड तत्काळ त्या घरी गेले. आई एका पोलीस शिपायाची बायको. तिने सांगितले की लेकराची दुपटी बादलीत भिजवून ते पाणी घराच्या पुढल्या बाजूच्या मैल्याच्या खड्ड्यात ओतले होते. १८५५ सालच्या एप्रिलात तो खड्डा उकरून पाहिला. विटा कुजून सुटलेल्या, आणि खड्ड्यापासून विहिरीपर्यंतचे अंतर तीन फुटांहूनही कमी. मधली माती मैल्याने भिजलेली होती. मुलीच्या बापासही पुढे पटकी झाली, ती नेमकी ज्या दिवशी पंपाचा दांडा काढला त्याच दिवशी. त्याचा मैला त्याच खड्ड्यात गेला. दांडा जागेवर असता तर विहिरीवर दुसरी साथ उठती. दांडा काढल्याने पहिली साथ थांबली नसेल, पण दुसरी टळली, हा हिशेब व्हाइटहेड यांचा.

तीन फूट! आमच्या खेड्यांत आज घरोघर शौचालये झाली आहेत, ही मोठी चांगली गोष्ट. परंतु खड्डा कोठे खणिला, हापशी अथवा विहीर किती जवळ आहे, उतार कोणीकडे, हे कितीजण पाहतात? विहिरीचा कठडा फुटला असता अंगावरचे धुण्याचे पाणी परत आत जाते, हे कितीजणांच्या लक्षात येते? पूर्वी आमच्या लोकांस गावविहिरीवर चढण्याची मनाई होती. ओढ्याच्या खालच्या अंगास झिरा खणून, जे पाणी वरच्या वस्तीने व गुराढोरांनी गढूळ केलेले, तेच प्यावे लागे. १९२७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांस घेऊन महाडच्या चवदार तळ्यावर गेले ते पाण्याच्या या हक्कासाठी. पटकी आली म्हणजे पहिली प्रेते महारवाड्यातून व मांगवाड्यातून निघत आणि मग त्या वस्तीच्या घाणीवर बोट ठेविले जाई. सोहोतील गरिबांविषयी जे बोलले जाई तेच हे. इस्राएलाच्या छावणीने मैला बाहेर नेऊन मातीत पुरावा अशी आज्ञा मोशेच्या नियमशास्त्रात आहे, हे आमच्या उपदेशकांस ठाऊक आहेच. ग्रामपंचायतीचा मनुष्य विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकण्यास आला असता पाण्यास वास येतो म्हणून त्यास परत पाठवू नये, एवढे येथे जोडितो.

सोहोच्या साथीच्या वेळीच स्नो यांचे दुसरे मोठे काम चालू होते, व आमच्या मते तेच अधिक भक्कम. थेम्स नदीच्या दक्षिणेस दोन कंपन्या नळाने पाणी पुरवीत. साउथवार्क व व्हॉक्सहॉल ही कंपनी शहराच्या गटारांचे पाणी जेथे नदीस मिळे तेथूनच पाणी उचली. लँबेथ कंपनीने १८५२ साली आपला पंप वर, शहराची घाण लागण्यापूर्वीच्या जागी नेला. दोघींचे नळ एकाच रस्त्यावरून गेलेले. शेजारी शेजारी घरे, तीच हवा, तीच गरिबी, तोच धंदा, फरक फक्त पाण्याचा, आणि अशी तीन लाखांहून अधिक माणसे. मनुष्याने ठरवून प्रयोग मांडिला असता तरी याहून चोख मांडता आला नसता. अडचण ही की घरमालकास सोडून भाडेकऱ्यांस कंपनीचे नाव ठाऊक नसे. तेव्हा स्नो प्रत्येक घरून बाटलीत पाणी घेत व त्यात सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकीत. घाणेरड्या पाण्यात मीठ चाळीस पट अधिक, त्याचा साका लगेच पांढरा दिसे. पहिल्या सात आठवड्यांचा हिशेब असा निघाला: साउथवार्क कंपनीच्या ४०,०४६ घरांत १,२६३ मृत्यू, लँबेथ कंपनीच्या २६,१०७ घरांत ९८. म्हणजे दर दहा हजार घरांमागे पहिलीत ३१५ व दुसरीत ३७.

हे सर्व १८५५ साली त्यांनी मोठ्या पुस्तकात छापिले. पदरचे दोनशे पौंडांहून अधिक खर्च झाले, परत आले ते तितके शिलिंगही नव्हेत. सरकारने नेमिलेल्या शास्त्रज्ञांच्या समितीने विहिरीची उपपत्ती स्वीकारण्यास कारण दिसत नाही असा निकाल दिला. त्याच वर्षी हाडे उकळणे, चरबी वितळविणे असे दुर्गंधीचे धंदे बंद करण्याविषयी कायदा येत होता. त्यात साक्ष देताना स्नो यांनी त्या वासापासून रोग होत नाही असे सांगितले, आणि लॅन्सेट या वैद्यकीय पत्राने त्यांजवर कडक टीका केली. पटकीपुरते त्यांचे म्हणणे खरे होते. पण कारखानदारांच्या बाजूने उभे राहून त्यांनी शेजारच्या गरिबांचे नाक व डोळे यांचा विचार कमी केला, असे आम्हांस वाटते. थोर माणसाचेही सगळेच बरोबर असते असे नाही.

१८५८ सालच्या जूनच्या १० तारखेस भूल देण्याच्या विद्येवरील ग्रंथ लिहीत असता त्यांस अर्धांगाचा झटका आला आणि १६ तारखेस ते वारले. वय ४५ वर्षे. लॅन्सेटने दोनचार ओळींत मृत्यूची बातमी छापिली, तीत क्लोरोफॉर्मचा उल्लेख होता, पटकीचा नव्हता. त्याच उन्हाळ्यात थेम्स नदीची दुर्गंधी इतकी माजली की पार्लमेंटात बसवेना, आणि त्यानंतर लंडनाची मोठी गटारे बांधण्यास सुरुवात झाली. ती बांधविणाऱ्यांस वासाची भीती होती, पाण्याची नव्हे, तरी मैला नदीच्या खालच्या अंगास गेला व पाणी सुधारले. देव पुष्कळदा अर्धवट समजुतीच्या माणसांकडूनही काम करवून घेतो.

१८६६ साली पटकी लंडनच्या पूर्व भागात परत आली व पाच हजारांहून अधिक माणसे मेली. या वेळी आकडेवारीचे प्रमुख जाणकार डॉ. विल्यम फार, जे पूर्वी हवेचेच मत धरून होते, त्यांनी पहिल्या दिवसांतच नळ कोणत्या कंपनीचा हे विचारिले. एकाच कंपनीच्या उघड्या तलावाकडे बोट निघाले. त्या चौकशीत व्हाइटहेड यांनीही हात दिला. नंतर १८८३ साली जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख हे मिसर देशात व तेथून कलकत्त्यास आले, आणि १८८४ साली तेथील रोग्यांच्या आतड्यांत व ज्या तळ्याचे पाणी लोक पीत त्या तळ्याच्या पाण्यात स्वल्पविरामासारखा वाकडा जंतू त्यांस सूक्ष्मदर्शकाखाली दिसला. इटलीतील पाचिनी यांनी तो १८५४ सालीच पाहून लिहून ठेविला होता, पण त्यांचेही कोणी ऐकिले नव्हते. रोग्याच्या शरीरातील पाणी निघून रक्त दाट होते म्हणून तो मरतो, हे स्नो यांनी ओळखिले होते. त्यावरचा सोपा उपाय मात्र पुष्कळ पुढे रूढ झाला. १९७१ साली बंगालच्या सरहद्दीवर बनगाव येथे निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा व ग्लुकोज यांचे पाणी पाजून असंख्य रोगी वाचविले. तेच पुडके आज प्रत्येक आरोग्य उपकेंद्रात मिळते.

व्हाइटहेड यांनी पुढे लंडन सोडिले व उत्तरेकडील कंबरलंडच्या खेड्यांतील मंडळ्यांची सेवा केली. १८९६ साली ते वारले. आपल्या अभ्यासाच्या खोलीत त्यांनी अखेरपर्यंत डॉक्टर स्नो यांची तसबीर लावून ठेविली होती.